मराठी शोधनिबंधाची संदर्भसूची : आडनावे, शके आणि 'ळ'ची जागा

कोरांटी
सोमवार, रात्री ९.१५

नमस्कार. मराठी कोशरचनेवरचा माझा एक शोधनिबंध एका नियतकालिकाकडून गेल्या आठवड्यात परत आला. मजकुराबद्दल परीक्षकांची काही तक्रार नाही. शेवटी एवढीच ओळ आहे की, संदर्भसूची एपीएच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या संदर्भशैलीच्या) सातव्या आवृत्तीप्रमाणे करून पाठवावी. सूचीत बासष्ट नोंदी आहेत आणि त्यांतल्या एक्केचाळीस मराठी आहेत. इंग्रजी नोंदी अर्ध्या दिवसात उरकल्या, कारण त्यांचे नमुने हवे तितके मिळतात. मराठी नोंदींशी मात्र चार दिवस झटते आहे.

उदाहरणादाखल माझी एक नोंद पाहा : 'दाते-कर्वे, महाराष्ट्र शब्दकोश, भाग ३, पुणे.' आमच्या विभागातल्या सगळ्या प्रबंधांत ती अशीच दिसते, म्हणून मीही तशीच उतरवली. आता नियम लावायला बसले तेव्हा लक्षात आले की, या एका ओळीत साल नाही, प्रकाशक नाही आणि संपादक नेमके किती हेही मला सांगता येत नाही. काही जुन्या पुस्तकांवर केवळ शके छापलेला आहे. एका लेखिकेची दोन पुस्तके दोन वेगळ्या नावांनी आहेत. आणि वर्डने अकारविल्हे लावलेल्या यादीत 'काळे' हे 'काशीकर' यांच्या आधी येऊन बसले आहेत, ते बरोबर की चूक, हेही ठरवता येत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना खिळा
सोमवार, रात्री १०.४०

कोरांटीताई, मी आयुष्यभर मुद्रितशोधनाचे काम केले आणि त्यातली पहिली काही वर्षे शिशाच्या खिळ्यांच्या काळातली होती, त्यामुळे संगणकाच्या यादीबद्दल मला बोलता येणार नाही. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल सांगतो. नियमपुस्तिका तूर्त मिटून ठेवा आणि एक्केचाळीस पुस्तके एकेक करून हातात घ्या. नोंद मुखपृष्ठावरून करू नये. मुखपृष्ठ चित्रकाराच्या मर्जीने चालते आणि तिथे उपशीर्षक गाळलेले किंवा लेखकाचे नाव आटोपशीर केलेले असते. नोंद आतल्या शीर्षकपानावरून करावी, आणि साल, आवृत्ती व प्रकाशक त्याच्या पाठीमागच्या मुद्रणपानावरून घ्यावे. 'दाते-कर्वे' हे त्या कोशाचे आपण बोलताना वापरतो ते नाव आहे. शीर्षकपान उघडलेत तर यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या सोबतीला आणखी संपादकांची नावे दिसतील, आणि कोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले व पुरवणी विभाग १९५० साली आला, हेही कळेल. तिसरा विभाग वापरला असेल तर तिसऱ्याच विभागाचे साल द्यायचे.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. आपल्याकडे प्रकाशक पुनर्मुद्रणालाही खुशाल 'दुसरी आवृत्ती' म्हणतात. मजकुरात काना-मात्रेचाही फरक नसतो आणि तरी आवृत्तीचा आकडा वाढत जातो. म्हणून आवृत्ती लिहिण्यापूर्वी प्रस्तावना वाचावी. लेखकाने काही बदलले असेल तर तो तिथे सांगितल्याशिवाय राहत नाही. तुमच्या विषयातलेच उदाहरण घ्या. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली मुंबईत निघाला. १८५७ ची दुसरी आवृत्ती मात्र खरोखरच सुधारून वाढवलेली आहे, आणि आज बहुतेकांच्या कपाटात असते ते पुण्याहून १९७५ साली निघालेले त्या दुसऱ्या आवृत्तीचे पुनर्मुद्रण. मी मुद्रिते तपासताना किती वेळा पाहिले आहे की, लेखक रुबाबात १८३१ लिहितो आणि अवतरण देतो ते १९७५ च्या प्रतीतून. पहिल्या आवृत्तीत तो शब्द असेलच असे नाही.

तालिकापत्र
मंगळवार, सकाळी ७.५०

खिळेकाकांनी सांगितलेल्या उदाहरणाला एपीएत सोय आहे. हाती असलेल्या प्रतीचे साल मुख्य नोंदीत द्यायचे आणि मूळ प्रकाशन १८५७ चे असल्याचे नोंदीच्या शेवटी कंसात सांगायचे. लेखात उल्लेख करताना 'मोल्सवर्थ, १८५७/१९७५' असे लिहायचे. वाचकाला दोन्ही कळतात.

मी महाविद्यालयीन ग्रंथालयात तालिकीकरणाचे (पुस्तकांच्या नोंदी, म्हणजे कॅटलॉग करण्याचे) काम करते, त्यामुळे नावांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. आडनाव आधी, स्वल्पविराम, मग आद्याक्षरे, हा क्रम मराठी नावांना मुळीच अडचणीचा नाही, कारण आपली आडनावे ठरलेली असतात. अडचण आद्याक्षरांत आहे. इंग्रजीत आद्याक्षर म्हणजे एक अक्षर. आपण 'चिंतामण'चे 'चिं.' करतो, 'त्र्यंबक'चे 'त्र्यं.' करतो, म्हणजे पहिले पूर्ण अक्षर जोडाक्षरासह, मात्रेसह आणि अनुस्वारासह घेतो. एपीएच्या पुस्तिकेत हे सांगितलेले नाही, म्हणून काही जण 'च.' आणि 'त.' असे लिहून मोकळे होतात. ते करू नये. मराठी वाचकाला 'कर्वे, च. ग.' हा कोणी वेगळाच गृहस्थ वाटेल.

उपाध्या गाळाव्यात, म्हणजे डॉ., प्रा., कै., ह.भ.प. हे सूचीत येत नाही. यात अनादर काही नाही, सूचीत सगळेच उघड्या नावाने येतात. पण येथे एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतः पडले आहे. ग्रंथालयाची जुनी तालिका संगणकावर चढवताना आम्ही सगळ्या नावांपुढचे 'श्री.' आणि 'श्रीमती' एका झटक्यात काढून टाकले. दोन दिवसांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड 'केतकर, व्यं.' या नावाखाली दिसू लागले. श्री. व्यं. केतकरांचे 'श्री.' हे श्रीधरचे आद्याक्षर होते! तेव्हापासून 'श्री.' दिसले की मी आधी पूर्ण नाव शोधते.

याच्या उलट, उपाधी जर पुस्तकाच्या शीर्षकातच असेल तर तिला हात लावायचा नाही. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून काढलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस' या खंडांच्या शीर्षकातले 'डॉ. बाबासाहेब' जसेच्या तसे राहते. लेखकाच्या जागी मात्र 'आंबेडकर' आधी येते.

टोपणनावांचा नियम सरळ आहे : पुस्तकावर जे नाव आहे ते. कुसुमाग्रजांच्या कवितासंग्रहाची नोंद 'क'मध्ये आणि वि. वा. शिरवाडकरांच्या नाटकाची नोंद 'श'मध्ये. तुमच्या लेखिकेचेही तसेच करावे. विभावरी शिरूरकर या नावाने आलेले पुस्तक 'शिरूरकर' खाली आणि मालती बेडेकर या नावाने आलेले 'बेडेकर' खाली, आणि दोन्हीकडे चौकटी कंसात दुसऱ्या नावाचा निर्देश. व्यक्ती एकच आहे म्हणून दोन्ही नोंदी एका नावाखाली ओढल्या, तर ग्रंथालयात पुस्तक शोधणारा वाचक चुकीच्या कप्प्यापुढे उभा राहील. विवाहापूर्वीच्या आणि नंतरच्या नावांनी लिहिणाऱ्या संशोधकांनाही हाच नियम लावते. संतांना आडनाव लावू नये. 'तुकाराम' हे 'त'मध्येच शोभतात, त्यांना 'अंबिले' किंवा 'मोरे' करून 'अ' किंवा 'म' मध्ये पाठवण्याचे कारण नाही.

कोरांटी
मंगळवार, दुपारी १.०५

तालिकापत्रताई, मनापासून आभार. 'श्री.'ची गोष्ट वाचून मी लगेच माझी सूची पाहिली आणि माझ्याकडेही ते 'केतकर, व्यं.'च झालेले होते.

एक शंका उरली. आमच्याकडे प्रबंधाच्या शेवटी मराठी ग्रंथ, इंग्रजी ग्रंथ, नियतकालिके, कोश आणि संकेतस्थळे अशा वेगवेगळ्या याद्या करण्याची पद्धत आहे. एपीए एकच यादी मागते. एकाच यादीत देवनागरी आणि रोमन नोंदी कशा लावायच्या?

जुना खिळा
मंगळवार, दुपारी ३.३०

प्रबंध तीन-चारशे पानांचा असतो आणि त्याची ग्रंथसूची स्वतंत्रपणेही वाचली जाते, म्हणून तिथे वर्गवारी शोभते. पंधरा पानांच्या लेखात ती वाचकाला छळते. लेखात कंसात 'जोशी, १९७६' दिसले की त्याला पाच याद्या चाळाव्या लागतात, कारण हे जोशी ग्रंथात आहेत की कोशात, हे कंसावरून कळत नाही. एकच यादी करावी. आधी देवनागरीतल्या नोंदी वर्णक्रमाने, मग रोमन लिपीतल्या. दोन गटांमध्ये एक ओळ मोकळी सोडली तरी पुरे.

जाता जाता तिरक्या अक्षरांबद्दलही सांगून टाकतो. एपीएला पुस्तकाचे नाव तिरक्या ठशात हवे असते. देवनागरीला रोमनसारखा वेगळा घडवलेला तिरका ठसा सहसा नसतो. संगणक सरळ अक्षरालाच ढकलून वाकवतो आणि मग वेलांट्या शेजारच्या अक्षरावर कलंडतात. मराठी छपाईत पुस्तकाचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत देण्याची रीत जुनी आहे. संपादकांनी मान्य केले तर तीच वापरा, आणि त्यांनी तिरक्याचाच हट्ट धरला तर मुकाट्याने तिरके करा. त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

चैत्रपालवी
मंगळवार, सायंकाळी ६.२०

शके असलेल्या पुस्तकांबद्दल लिहितो. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सर्वांना ठाऊक आहे, पण हा हिशेब वर्षातले सारे महिने चालत नाही. शकाचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि मधेच १ जानेवारी येतो, त्यामुळे माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात. समजा, पुस्तकावर 'मार्गशीर्ष शके १८५४' आहे, तर ते १९३२ साल झाले. 'फाल्गुन शके १८५४' असेल तर १९३३. पौष दोन्ही सालांत पाय ठेवून असतो, तिथे तिथी दिलेली असल्याशिवाय ठरवता येत नाही. महिना अजिबात छापलेला नसेल तर '१९३२–३३' असे जोडसाल द्यावे.

माझे मत असे की, पुस्तकावर छापलेला शके नोंदीतून कधीही गाळू नये. 'शके १८५४' लिहून पुढे चौकटी कंसात '१९३२–३३' द्यावे. चौकटी कंस म्हणजे ही माहिती पुस्तकावर नाही, मी काढली आहे, अशी कबुली असते. तुमचे गणित चुकले तर पुढच्या संशोधकाला मूळ आकडा तरी मिळेल.

शासकीय प्रकाशने वापरत असाल तर आणखी एक सावधगिरी. राजपत्रावर छापलेली तिथी ही पंचांगातली नसून राष्ट्रीय दिनदर्शिकेतली असते. ती २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून लागू झाली, आणि तिचे महिने सौर आहेत. त्यातल्या चैत्र १ चा गुढीपाडव्याशी संबंध जोडून कोणी तारीख काढायला बसले की घोटाळा ठरलेलाच. राजपत्रावर इंग्रजी तारीख शेजारीच असते, ती उचलावी.

अर्धा र
मंगळवार, रात्री ११.१०

संगणकाचा भाग माझ्याकडे घेतो.

'काळे' आणि 'काशीकर' यांचे भांडण असे आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे आणि त्या क्रमात 'ळ' हा 'ल'च्या पाठोपाठ, 'व'च्या आधी बसवलेला आहे. आपल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'नंतर. म्हणून जी प्रणाली फक्त क्रमांक पाहते ती 'कालेलकर, काळे, काशीकर, कासार' अशी यादी लावते, आणि मराठी कोश पाहायची सवय असलेला माणूस 'कालेलकर, काशीकर, कासार, काळे' अशी लावतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना तर युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांकच नाही. 'क्ष' हा क, हलन्त आणि ष असा साठवला जातो, म्हणून 'क्षीरसागर' हे 'क'च्या शेवटी, 'कौ'च्याही नंतर येतात. सर्वांत गमतीचा प्रकार 'ॲ'चा. त्याला क्रमांक फार उशिरा मिळाला, त्यामुळे नुसत्या क्रमांकांच्या हिशेबाने 'ॲ'ने सुरू होणारे आडनाव 'ह'च्याही पलीकडे, यादीच्या अगदी तळाशी जाऊन पडते.

वर्डमध्ये 'सॉर्ट'च्या चौकटीत 'ऑप्शन्स' उघडल्यावर भाषा निवडता येते, तिथे मराठी निवडून पाहा. तरीही शेवटी यादी डोळ्यांखालून घालावीच लागेल. बासष्ट नोंदींना वीस मिनिटे लागतात.

याहून खोल खड्डा अर्ध्या 'र'चा आहे, आणि माझ्या टोपणनावाचे मूळही त्यातच आहे. 'कऱ्हाडे' हे आडनाव दोन प्रकारे टंकता येते. एकात नुक्ता असलेला 'ऱ' आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारे जोडचिन्ह असते. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. संगणकाला मात्र ते दोन निराळे लेखक वाटतात. माझ्या एका मित्राच्या सूचीत एकाच लेखकाची १९९२ ची दोन पुस्तके होती. नियमाप्रमाणे संदर्भ लावणाऱ्या प्रणालीने सालापुढे अक्षर लावून ती वेगळी दाखवायला हवी होती, पण तिने अक्षरे लावलीच नाहीत, कारण एक नोंद त्याने घरी टंकली होती आणि दुसरी विद्यापीठातल्या संगणकावर, वेगळ्या कळफलकाने. मित्राने संध्याकाळभर प्रणालीला शिव्या घातल्या. शेवटी एका नोंदीतले आडनाव पुसून तिथे दुसऱ्या नोंदीतले चिकटवले आणि प्रश्न मिटला. म्हणून एकाच लेखकाचे नाव पुन्हा टंकू नये, आधीच्या नोंदीतून उचलून डकवावे.

झोटेरो ही संदर्भ सांभाळणारी प्रणाली वापरत असाल तर नावाच्या रकान्यात आद्याक्षरे स्वतःच भरा. 'चिंतामण' भरून त्याचे 'चिं.' व्हावे अशी आशा ठेवू नका. लाटेक या अक्षरजुळणी-प्रणालीवर लिहिणाऱ्यांनी सूची लावणारे जुने बिबटेक सोडून बायबर वापरावे. बिबटेक बाइटांत विचार करते आणि देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइटांचे असते, त्यामुळे आद्याक्षर काढताना ते अक्षराचा तिसरा हिस्सा कापून ठेवते आणि छापताना तिथे चौकोन उमटतो. बायबरला युनिकोड कळते आणि त्याला वर्णक्रमाची भाषा मराठी आहे असे सांगता येते.

आणि नोंदीची पहिली ओळ समासाला, पुढच्या ओळी अर्धा इंच आत, ही रचना स्पेसबार दाबून करू नका. परिच्छेदाच्या मांडणीत 'हँगिंग' निवडा, किंवा वर्डमध्ये कंट्रोल आणि टी दाबा. स्पेस देऊन सजवलेली यादी संपादकाच्या संगणकावर उघडली की ओळी पत्त्यांसारख्या विस्कटतात.

जुना खिळा
बुधवार, सकाळी ६.३०

अर्ध्या 'र'चा प्रकार वाचून करमणूक झाली. आमच्या खिळ्यांच्या खणात तो एकच होता.

पण 'क्ष' आणि 'ज्ञ' यांच्याबद्दल संगणकाला एकट्याला दोष देऊ नका. शाळेतल्या तक्त्यावर ती अक्षरे शेवटी असतात, म्हणून ती शेवटीच लावावीत असे एक मत; ती जोडाक्षरे आहेत, म्हणून 'क' आणि 'ज' खाली लावावीत असे दुसरे. आणि अनुस्वाराचे तर विचारूच नका. 'कांबळे' हे 'कानडे'च्या आधी येतात की नंतर, हे अनुस्वार स्वरांच्या आधी मानायचा, औकारानंतर मानायचा की 'म'कार समजून लावायचा, यावर ठरते. आमच्या छापखान्यात तीन ग्राहकांच्या तीन पद्धती होत्या. माझी शिफारस एवढीच की, एक पद्धत निवडा आणि सूचीच्या माथ्यावर एका वाक्यात ती लिहून टाका.

तालिकापत्र
बुधवार, सकाळी ९.१५

सूचीच्या माथ्यावर खुलासा द्यावा, हे प्रबंधाच्या बाबतीत मला पूर्ण मान्य आहे, पण नियतकालिके अशी टीप बहुधा काढून टाकतात. लेखासाठी मी म्हणेन की, 'क्ष' 'क'खाली आणि 'ज्ञ' 'ज'खाली ठेवा, कारण हल्ली वाचक सूचीही संगणकावरच शोधतात आणि त्या क्रमाला त्यांचे डोळे सरावले आहेत. 'ळ' मात्र मी 'ह'नंतरच लावीन. काकांना ही विसंगती वाटेल, आणि ती आहेच.

दूरदेशी
बुधवार, दुपारी २.४५

मी परदेशातल्या विद्यापीठात मराठी इतिहासावर काम करतो. कोरांटी यांचा लेख मराठी नियतकालिकासाठी आहे म्हणून देवनागरी चालते. हाच लेख इंग्रजीत गेला तर एपीए मराठी शीर्षकाचे रोमन लिप्यंतर मागते आणि त्यापुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ मागते. तिथे नावांचा वेगळाच गोंधळ होतो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतरात शब्दान्तीचा न उच्चारला जाणारा 'अ' लिहिला जातो, त्यामुळे इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या नावातल्या 'विश्वनाथ' आणि 'काशीनाथ' यांच्या शेवटी रोमन 'ए' लटकतो आणि 'राजवाडे'च्या पोटात एक जास्तीचा 'ए' येतो. राजवाड्यांविषयी इंग्रजीत लिहिणारे मराठी लोक आडनाव असे लिहीत नाहीत. माझ्या पहिल्या मसुद्यात राजवाडे दोन ठिकाणी दोन वर्तन्यांनी होते आणि मार्गदर्शकांनी विचारले की, हे दोघे भाऊ का?

मी आता असे करतो की, लेखकाचे आडनाव रूढ इंग्रजी वर्तनीत आणि ग्रंथाचे शीर्षक मात्र शास्त्रशुद्ध लिप्यंतरात देतो. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. पण परदेशातल्या ग्रंथालयात पुस्तक काढायचे तर तालिकेतली वर्तनीच लागते, म्हणून पहिल्या नोंदीत तिचाही निर्देश करून ठेवतो.

आणखी एक. सातव्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढून टाकले. इंग्रजी पुस्तकांना त्याने फरक पडत नाही. जुन्या मराठी पुस्तकांत मात्र छापखान्याच्या नावापेक्षा गावाच्या नावावरूनच पुस्तक ओळखू येते, त्यामुळे पुणे, मुंबई, वाई, बडोदे गेले की अर्धी ओळख गेली.

जुना खिळा
बुधवार, दुपारी ४.१०

गाव ठेवावे. संपादकांना विचारून ठेवावे, पण ठेवावे.

रुमाल
बुधवार, रात्री ८.३०

पुस्तकांपलीकडच्या साधनांबद्दल थोडक्यात. शासन निर्णयाची नोंद करताना विभागाचे नाव, दिनांक, निर्णयाचा क्रमांक आणि संगणक सांकेतांक हे चारही द्यावे, कारण एकाच दिवशी एकाच विभागाचे अनेक निर्णय निघतात. दिवाळी अंकाला बहुधा अंकाचा क्रमांक सांगता येत नाही, तिथे 'दिवाळी अंक' आणि साल एवढे पुरेसे आहे. पुराभिलेखागारातल्या मोडी कागदाला लेखक नसला तरी दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेला गठ्ठा) आणि पुडके यांचे क्रमांक असतात. ते गाळून नुसते 'पेशवे दफ्तर' लिहिणे म्हणजे पत्त्यावर नुसते 'पुणे' लिहिण्यासारखे आहे.

मराठी विश्वकोश वापरला असल्यास नोंदीखाली नोंदलेखकाचे नाव असते, ते लेखकाच्या जागी यायला हवे. बहुतेक लोक सगळ्या नोंदी प्रमुख संपादक लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नावावर घालतात. वर खिळेकाकांनी उल्लेखलेले 'जोशी, १९७६' कोरांटी यांच्या सूचीतही असतील, तर ते तेच असावेत असा माझा संशय आहे. शिवाय खंडानुसार प्रकाशक तपासावा. विश्वकोशाचे काम प्रथम साहित्य संस्कृती मंडळाकडे होते आणि स्वतंत्र विश्वकोश निर्मिती मंडळ १९८० साली झाले, त्यामुळे सगळ्या खंडांना एकच नाव डकवून चालत नाही.

संकेतस्थळाचा देवनागरी पत्ता उचलून डकवला की तो टक्क्याच्या खुणांची माळ होऊन येतो. देवनागरीच्या एकेका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. 'विश्वकोश' या एका शब्दाची बहात्तर. ब्राउझरच्या पट्टीतून पत्ता उचलताना शेवटचे एक अक्षर सोडून निवड केली आणि ते अक्षर हाताने टंकले, तर अनेकदा मजकूर देवनागरीतच राहतो. युक्ती गावठी आहे, पण माझे काम तिच्यावर चालते.

कोरांटी
बुधवार, रात्री १०.००

रुमाल, संशय अगदी खरा ठरला. सूचीतले माझे 'जोशी, १९७६' हे एकटे तीन वेगवेगळ्या नोंदींचे लेखक होऊन बसले होते. आज ग्रंथालयात जाऊन तिन्ही नोंदलेखक शोधून काढले.

आता तळटीपांतल्या 'तत्रैव' (त्याच ठिकाणी) आणि 'उ. नि.' (उपरिनिर्दिष्ट, म्हणजे वर सांगितलेले) यांचे काय करू? मूळ लेखात ते सत्तावीस ठिकाणी आहेत.

जुना खिळा
गुरुवार, सकाळी ६.४५

सगळे काढा. लेखक-साल पद्धतीत 'तत्रैव'ला जागा नाही. मला तो शब्द आवडतो, पण त्याने घातलेला गोंधळही मी पाहिला आहे. एका लेखकाने शेवटच्या मुद्रितात दोन परिच्छेदांची अदलाबदल केली, तळटीपा त्यांच्याबरोबर सरकल्या, आणि लोकगीतावरच्या अवतरणाखालचे 'तत्रैव' एका भूगोलाच्या पुस्तकाकडे बोट दाखवू लागले. पुस्तक तसेच छापून झाले. चूक माझ्या नजरेतून सुटली होती.

तालिकापत्र
गुरुवार, सकाळी १०.२०

एकाच लेखकाची एकाच सालातली दोन पुस्तके असतील तर सालापुढे अक्षर लावावे लागते, तिथे 'अ, आ' वापरू नका. बारीक छपाईत '१९३५अ' आणि '१९३५आ' यांतला काना दिसत नाही. शाळेच्या तुकड्यांप्रमाणे 'अ, ब, क, ड' वापरावे, ते कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आणि कोणी वाङ्मयचौर्य-तपासणीची भीती घातली तर घाबरू नका. प्रणाली संदर्भसूची रंगवून दाखवते, कारण त्याच नोंदी शेकडो प्रबंधांत असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत संदर्भ आणि ग्रंथसूची हे भाग साम्य मोजताना वगळायचे असे स्पष्ट म्हटले आहे. तपासणी करणाऱ्याला तो भाग वगळण्याची खूण करायला सांगावे.

कोरांटी
शनिवार, दुपारी १२.३०

सूची पूर्ण झाली. पहिली ओळ समासाला आणि बाकीच्या आत, हे सगळे स्पेस न देता केले आहे. मोल्सवर्थची नोंद आता अशी आहे : 'मोल्सवर्थ, जे. टी. (१९७५). मोल्सवर्थ्स मराठी-इंग्लिश डिक्शनरी (पुनर्मुद्रण). पुणे : शुभदा-सारस्वत. (दुसऱ्या आवृत्तीचे मूळ प्रकाशन १८५७).' पुणे ठेवले आहे आणि संपादकांना तसे पत्रातही कळवले आहे. 'दाते-कर्वे' यांचे सगळे संपादक शीर्षकपानावरून उतरवले आणि तिसऱ्या विभागाचे साल मुद्रणपानावरून घेतले. हे करताना एक शोध लागला. माझे ते अवतरण तिसऱ्या विभागात नाहीच. ते चौथ्यात आहे. ज्या प्रबंधावरून मी नोंद उतरवली होती त्यात 'भाग ३' असे होते, आणि आमच्या विभागातल्या आणखी दोन प्रबंधांतही तेच आहे.

'ळ' मी 'ह'नंतर लावला आहे. 'काळे' आता 'कासार' यांच्या खाली आहेत.

अर्धा र
शनिवार, दुपारी १२.५५

संपादकांनी फाइल उघडून पुन्हा 'सॉर्ट' दाबले तर ते परत वर जातील. पीडीएफही सोबत पाठवा.